'हॅपी बर्थडे'नंतरचं वाक्य: रोजच्या इंग्रजीत शुभेच्छा कशा द्यायच्या

पहिल्या नोकरीत कंपनीने मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक तपकिरी पाकीट येऊन पडलं. आत शुभेच्छापत्र होतं. ऑफिसातल्या एका बाईंचा वाढदिवस होता आणि त्यांना कळू न देता सगळ्यांनी सही करून पाकीट पुढे सरकवायचं, अशी तिथली रीत. इतरांनी जेमतेम एक-दीड ओळ लिहिली होती. मला वाटलं, किती ही कंजुषी! मी उरलेला सगळा कोपरा भरून टाकला. देव तुम्हाला दीर्घायुष्य, आरोग्य आणि भरभराट देवो, तुमची सर्व स्वप्नं साकार होवोत, आणि शेवटी 'मेनी मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे'. बाई साठीच्या. संध्याकाळी माझ्यापाशी आल्या आणि हसत म्हणाल्या, "तुझं वाचून वाटलं, मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच सांगितलेलं नाही."

व्याकरणाची चूक एकही नव्हती. घोळ वेगळाच होता आणि तो लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. आता पुण्यात संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, तेव्हा पहिल्याच तासाला तो सांगते. आपल्याकडे वाढदिवसाची शुभेच्छा म्हणजे आशीर्वाद. औक्षण करायचं, डोक्यावर अक्षता टाकायच्या, 'शतायुषी हो' म्हणायचं. आपली शुभेच्छा माणसाच्या अख्ख्या आयुष्याला असते. रोजच्या इंग्रजीतली शुभेच्छा फक्त आजच्या दिवसाला असते. आज मजा कर, केक खा, कुणीतरी तुझे लाड करो, बस. आयुष्याचा विषय तिथे निघतच नाही, आणि साठीच्या माणसापुढे 'लाँग लाइफ' काढलं तर त्याला आयुष्याची दुसरी बाजू आठवते. म्हणून मराठी शुभेच्छा मनात ठेवून तिचं भाषांतर करायला गेलात की गाडी घसरलीच. भाषांतर सोडा आणि आजच्या दिवसापासून सुरुवात करा.

पायरी पहिली: घड्याळ बघा

मुळातली वाक्यं दोन-तीनच आहेत. त्यांचा काळ वेळेनुसार बदलतो आणि तो बरोबर साधला की बोलणं लगेच ओघवतं वाटायला लागतं.

सकाळी, म्हणजे दिवस अजून पुढे असताना: 'हॅपी बर्थडे! होप यू हॅव अ लव्हली डे.' किंवा नुसतं 'हॅव अ ग्रेट डे!'

दुपारी, दिवस चालू असताना: 'होप यू आर हॅविंग अ लव्हली डे.'

रात्री नऊ-दहाला आठवण झाली तर: 'होप यूव्ह हॅड अ लव्हली डे.'

दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा: 'होप यू हॅड अ लव्हली डे.'

रात्री साडेअकराला 'हॅव अ ग्रेट डे' पाठवणारे विद्यार्थी माझ्याकडे दर वर्षी असतात. उरलेल्या अर्ध्या तासात त्या बिचाऱ्याने काय ग्रेट करायचं?

या वाक्यांत 'होप'च्या आधीचा 'आय' गळलेला आहे. आपणही 'येते हं' म्हणताना 'मी' गाळतो, तसंच ते. पण हा न्याय 'विश'ला लावू नका. 'विश यू अ हॅपी बर्थडे' हे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, पण बाहेरच्या कानाला ते अर्धवट वाटतं. एक तर पूर्ण 'आय विश यू' म्हणा, जे जरा औपचारिक आहे, नाहीतर 'विशिंग यू अ व्हेरी हॅपी बर्थडे' लिहा. 'विशिंग यू' हे कार्डावर आणि ईमेलमध्ये छान दिसतं. समोरासमोर तोंडी कुणी म्हणत नाही.

'लव्हली'बद्दल एक सूचना. हा शब्द ब्रिटिश लोक उठता-बसता वापरतात, पुरुषसुद्धा. अमेरिकन माणसाशी बोलत असाल तर 'ग्रेट' जास्त शोभतो, आणि तरुण मित्र असेल तर 'ऑसम'. ऑस्ट्रेलियन मित्राला 'हॅव अ गुड वन, मेट' म्हटलंत तरी पुरे.

पायरी दुसरी: त्या माणसाची एक खूण घाला

'हॅपी बर्थडे, होप यू हॅव अ लव्हली डे' एवढं म्हटलंत तरी तुम्ही पास. पण व्हॉट्सॲपच्या गटात अशाच चाळीस ओळी एकाखाली एक पडलेल्या असतात. आपली ओळ त्यात वेगळी दिसावी म्हणून आपण काय करतो, तर विशेषणं वाढवतो: 'व्हेरी व्हेरी', 'वंडरफुल', 'मोस्ट अमेझिंग'. इंग्रजीत त्याने उलट ओळ पोकळ होते. विशेषणांऐवजी त्या माणसाच्या रोजच्या जगण्यातली एखादी बारीक गोष्ट घ्या.

मैत्रीण घरात सगळ्यांचा स्वयंपाक करते: 'हॅपी बर्थडे, अनघा! होप समबडी एल्स इज डूइंग द कुकिंग टुनाइट.'

सहकारी रात्रपाळीला आहे: 'हॅपी बर्थडे! होप द शिफ्ट गोज इझी ऑन यू.'

शेजारच्या काकांना बागेचं वेड आहे: 'हॅपी बर्थडे, काका! होप यू गेट सम टाइम इन द गार्डन टुडे.'

धाकट्या भावाची परीक्षा तोंडावर आहे: 'हॅपी बर्थडे! टेक द इव्हनिंग ऑफ, द बुक्स कॅन वेट.'

या वाक्यांत एकही अवघड शब्द नाही. दहावीच्या इंग्रजीवर ती लिहिता येतात. अवघड आहे ते त्या माणसाचा अर्धा मिनिट विचार करणं. आणि नाव घाला, तेही शेवटी किंवा 'बर्थडे'नंतर लगेच. 'हॅपी बर्थडे टू यू' हे फक्त गाण्यात म्हणतात. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल भगिनींनी शाळेतल्या मुलांसाठी केलेली आणि १८९३ साली छापलेली एक चाल होती, तिच्यावर नंतर हे शब्द बसले. 'टू यू' तिथे तालासाठी हवं. बोलताना त्या जागी नाव येतं: 'हॅपी बर्थडे, प्रिया!'

पायरी तिसरी: समोर कोण आहे?

मराठीत तू, तुम्ही आणि आपण असे तीन दरवाजे आहेत. इंग्रजीत एकच 'यू', म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की तिथे आदर दाखवायची सोयच नाही. सोय आहे. ती वाक्याच्या लांबीत आणि शब्दांच्या निवडीत असते. मित्राला 'हॅव अ गुड वन!' चालतं. साहेबांना तेच पूर्ण वाक्यात जातं: 'हॅपी बर्थडे, सर. आय होप यू हॅव अ वंडरफुल डे.' 'आय' परत आला, 'गुड वन'च्या जागी 'वंडरफुल डे' आला आणि उद्गारचिन्ह गेलं. आदर झाला. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात करायची गरज नाही, तो रजेच्या अर्जाचा थाट आहे.

परदेशातल्या साहेबाला 'सर' म्हणू नका, पहिल्या नावाने हाक मारा. माझ्या वर्गातल्या पन्नाशीच्या एका गृहस्थांना 'हॅपी बर्थडे, डेव्हिड' म्हणायचा सराव करताना घाम फुटला होता. चार वेळा मोठ्याने म्हटल्यावर जमलं. भारतातल्या ऑफिसात 'सर' चालत असेल तर मात्र तोच ठेवा. उगाच धाडस नको.

'डिअर' हा शब्द जपून. 'हॅपी बर्थडे डिअर' हे आपल्याकडे मैत्रिणी एकमेकींना लिहितात आणि त्यात गैर काही नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला नुसतं, नावाशिवायचं 'डिअर' म्हणजे एक तर आजीबाईंनी केलेले लाड, नाहीतर पाठीवर थोपटणं. पुरुष सहकाऱ्याने स्त्री सहकारीला तर मुळीच लिहू नये. पत्राच्या सुरुवातीचं 'डिअर सारा' वेगळं, ते निर्धोक आहे.

ब्रिटनमधल्या मैत्रिणीने संदेशाच्या शेवटी रोमन लिपीतलं एक्स हे अक्षर लिहिलं तर गोंधळू नका. त्याचा अर्थ पापा. मैत्रिणी आणि घरचे सहज लिहितात, त्यात दुसरं काही नसतं. पण ऑफिसातल्या साहेबाला उत्तर देताना तुम्ही ते उचलू नका.

लहान मुलाला शुभेच्छा देणं सगळ्यात सोपं. 'हॅपी बर्थडे, बर्थडे बॉय! हाऊ ओल्ड आर यू टुडे?' त्याने पाच बोटं दाखवली की डोळे मोठे करून 'फाइव्ह! वॉव!' म्हणायचं. पुढचं सगळं तोच बोलतो.

पायरी चौथी: तोंडी बोलताना तिथेच थांबू नका

लिफ्टमध्ये भेट झाली, तुम्ही 'हॅपी बर्थडे' म्हटलंत, समोरून 'थँक यू' आलं आणि मग दोघंही मजल्याचे आकडे बघत उभे राहिलात. हा प्रसंग टाळायला दोन प्रश्न पाठ करून ठेवा. ब्रिटिश: 'डूइंग एनिथिंग नाइस?' अमेरिकन: 'एनी बिग प्लॅन्स?' दोन्हींचा अर्थ आपल्या 'मग आज काय बेत?' इतकाच.

हाच प्रश्न तुम्हाला आला तर 'नथिंग स्पेशल' म्हणून दार लावून घेऊ नका. 'नथिंग बिग, जस्ट डिनर विथ द फॅमिली' म्हणा. 'अ क्वाएट वन ॲट होम' हेही फार छान उत्तर आहे: घरातल्या घरातच, शांतपणे. औक्षणाबद्दल सांगावंसं वाटलं तर त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नका. काय घडतं ते सांगा: 'माय मदर सर्कल्स अ लिटल ऑइल लॅम्प इन फ्रंट ऑफ मी अँड देन फीड्स मी समथिंग स्वीट.' ऐकणाऱ्याला ते कुठल्याही प्रतिशब्दापेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडे मेणबत्त्या फुंकून विझवतात आणि आपल्याकडे दिवा विझू द्यायचा नसतो, यावर पाच मिनिटं तरी गप्पा होतात.

आता पार्टीचा मुद्दा. 'पार्टी कधी देतोस?' हे आपल्याकडे प्रेमाने विचारलं जातं, कारण आपल्यात ज्याचा वाढदिवस तो खर्च करतो. शाळेत रंगीत कपडे घालून चॉकलेटं वाटल्यापासून आपल्याला ती सवय आहे. ब्रिटनच्या ऑफिसांतही ज्याचा वाढदिवस तोच बहुधा केक आणून ठेवतो, तेवढं जुळतं. पण संध्याकाळी बाहेर गेल्यावर त्याचं बिल मित्र देतात. त्यामुळे 'व्हेन आर यू गिव्हिंग पार्टी?' हे तिकडे मागणीसारखं ऐकू येतं. 'कॅन वी टेक यू आउट फॉर लंच?' असं विचारा. अर्थात मग पाकिटात पैसे असू द्या.

पायरी पाचवी: उशीर झाला किंवा घाई झाली

उशिरासाठी 'बिलेटेड' आहेच. 'बिलेटेड हॅपी बर्थडे' की 'हॅपी बिलेटेड बर्थडे' यावर माझ्या वर्गात दर वर्षी वाद होतो. तर्काने पाहिलं तर उशीर शुभेच्छेला झाला, वाढदिवस वेळेवरच आला होता, म्हणून पहिलं बरोबर. पण बोलण्यात दुसरंही भरपूर वापरलं जातं, तेव्हा दोन्ही चालवून घ्या. मला स्वतःला दोन्हींपेक्षा साधी कबुली आवडते: 'सॉरी आय मिस्ड युअर बर्थडे! होप इट वॉज अ गुड वन.' पुढे कारणांची यादी नको. नेटवर्क नव्हतं, पाहुणे होते, फोन बिघडला होता... सगळ्यांना खरं काय ते माहीत असतं.

आधीच द्यायच्या असतील तर 'ॲडव्हान्स हॅपी बर्थडे' म्हणू नका, ते आपल्याकडचं नाणं आहे, बाहेर चालत नाही. 'हॅपी बर्थडे फॉर टुमॉरो!' म्हणा. किंवा 'इन केस आय डोन्ट सी यू टुमॉरो, हॅपी बर्थडे!' जर्मन सहकारी असेल तर मात्र आधी अजिबात देऊ नका. त्यांच्यात वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात.

आपले नेहमीचे खड्डे

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'विश करणं'. 'तू तिला विश केलंस का?' हे आता मराठीच झालंय, म्हणून इंग्रजीतही आपण 'डिड यू विश हर?' म्हणतो. भारतात सगळ्यांना कळतं. भारताबाहेर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो: विश हर... काय? म्हणून 'डिड यू विश हर अ हॅपी बर्थडे?' म्हणा, नाहीतर त्याहून सोपं 'डिड यू से हॅपी बर्थडे टू हर?' तसंच 'थँक्स फॉर विशिंग मी' नको. 'थँक्स फॉर द बर्थडे विशेस' म्हणा.

दुसरा खड्डा 'हार्दिक'चा. फ्लेक्सवरचं 'हार्दिक शुभेच्छा' इंग्रजीत नेताना कुणीतरी कधीतरी 'हार्टली विशेस' केलं आणि ते पसरलं. 'हार्दिक' या अर्थाने तो शब्द इंग्रजीत नाहीच. 'हार्टफेल्ट' आहे, पण तो सांत्वनाच्या पत्रात जास्त शोभतो. 'वॉर्म विशेस' पुरे.

'काँग्रॅच्युलेशन्स' परीक्षेला, नोकरीला, बाळाला. वाढदिवसाला नाही. मराठीत अभिनंदन वेगळं आणि अभीष्टचिंतन वेगळं हे आपल्याला नीट कळतं, तोच फरक इथेही. शंभरी गाठलेल्या आजोबांना 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं तर शोभेल, कारण ती खरोखरच कमाई आहे. ब्रिटनमध्ये तर शंभराव्या वाढदिवसाला राजाकडून कार्ड येतं. ही प्रथा पाचव्या जॉर्जने १९१७ साली सुरू केली. तेव्हा तार यायची.

आणि 'मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे'? ते चूक नाही. हा दिवस तुझ्या आयुष्यात पुन्हा पुन्हा परत येवो, असा त्याचा सुंदर अर्थ आहे, आणि आपल्या आशीर्वादाच्या सगळ्यात जवळचं इंग्रजी वाक्य तेच. कदाचित म्हणूनच ते आपण इतकं जिवापाड जपलंय. ब्रिटनमध्ये 'मेनी हॅपी रिटर्न्स' एवढंच, आणि मुख्यतः जुन्या पिढीकडून, अजून ऐकू येतं. अमेरिकन तरुणाला मात्र ते धोतर-टोपी घातल्यासारखं वाटेल. वापरायचं तर एकच 'मेनी' ठेवा, आणि आधी 'विश यू अ' जोडू नका.

हे सगळं वाचून आपलं इंग्रजी हलकं आहे, असं कुणी मानू नये. आपसात आपण कसंही बोलावं. आजीने न्यू जर्सीतल्या नातवाला 'गॉड ब्लेस यू' लिहावंच. तिने 'हॅव अ गुड वन' लिहिलं तर नातू घाबरून फोन करेल.

वयाचा हिशेब

'मला तिसावं लागलं' म्हणजे एकोणतीस पूर्ण. 'टर्न्ड थर्टी' म्हणजे तीस पूर्ण. या एका वर्षाच्या फरकाने माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या सहकाऱ्यांनी तिशीचा केक वर्षभर आधीच खिलवला. तिला नाही म्हणता आलं नाही. 'लागणं' हे क्रियापद इंग्रजीत आणूच नका. 'आय टर्न्ड थर्टी लास्ट वीक', 'शी टर्न्स फाइव्ह इन जून' अशी वाक्यं बसवा. 'थर्टी कम्प्लीट, थर्टीवन रनिंग' हे फक्त विमा एजंटला कळतं.

मोठ्या माणसाला वय थेट विचारायचं नसतं, पण उत्सुकता असतेच. त्यासाठी 'इज इट अ बिग वन?' म्हणजे तीस, चाळीस, पन्नास असा मोठा आकडा आहे का, एवढंच विचारतात. सांगायचं असेल तर माणूस सांगतो. चाळीसला गमतीने 'द बिग फोर-ओ' म्हणतात. ब्रिटनमध्ये अठरावा वाढदिवस दणक्यात होतो आणि अमेरिकेत एकविसावा, कारण तिथे कायद्याने दारू विकत घेता येते ती एकविसाव्या वर्षापासून. वयावरून चेष्टा करायची तर अगदी जवळच्यांचीच: 'ट्वेंटीवन अगेन!' पन्नाशीच्या मैत्रिणीला हे फार आवडतं. साहेबांना नको.

आपल्या एकसष्टीला, पंचाहत्तरीला इंग्रजीत शब्द नाहीत. 'हॅपी सेव्हंटी-फिफ्थ!' म्हणून मोकळं व्हायचं. सहस्रचंद्रदर्शन मात्र समजावून सांगा, लोक कान देऊन ऐकतात: 'बाय अवर काउंट, शी हॅज सीन अ थाउजंड फुल मून्स.' हिशेब कुणी विचारलाच तर एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले की हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि जवळपास दहा महिने होतात.

उच्चाराचं थोडंसं. आपल्या 'थ'मध्ये जीभ दातांमागे टेकून सुटते. 'बर्थडे'मधल्या 'थ'साठी जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून नुसती हवा सोडायची, टेकवायचं नाही. जोर 'बर्थ'वर, 'डे' हलका. 'थर्टिएथ', 'फॉर्टिएथ'मध्ये शेवटचा 'एथ' गिळू नका. 'हॅपी बड्डे' घरी ठेवा, तिथे तो शोभतो.

उत्तर देताना

आपल्याला शुभेच्छा आल्या की दिवाळीच्या सवयीने तोंडातून 'सेम टू यू' निघतं. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असेल तरच ते चालेल. एरवी: 'थँक्स सो मच!', 'ऑ, थँक यू, दॅट्स सो काइंड.' गटात सगळ्यांना एकदम: 'थँक्स एव्हरीवन, यू मेड माय डे.' उशिरा शुभेच्छा देणाऱ्याची लाज राखायची असेल तर 'नो वरीज, आय ॲम सेलिब्रेटिंग ऑल वीक!' हे माझं आवडतं.

आता एक खास आपल्याकडची अडचण. महाराष्ट्रात एका पिढीच्या निम्म्या लोकांचा जन्म जणू १ जूनचा आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, वय भरावं म्हणून मास्तरांनी तीच तारीख ठोकून दिली. त्यामुळे १ जूनला परदेशी सहकारी प्रेमाने केक घेऊन येतात आणि आपले भाऊसाहेब गोंधळतात. उत्तर सोपं आहे: 'थँक यू! दॅट्स ओन्ली माय बर्थडे ऑन पेपर, बट आय विल टेक द केक.' खरी तारीख माहीत असेल तर ती पुढे सांगा. तिथीने साजरा करत असाल तर 'वी गो बाय द लूनर कॅलेंडर, सो द डेट मूव्ज एव्हरी यिअर.'

जेव्हा 'हॅपी' म्हणवत नाही

गेलेल्या माणसाच्या जन्मदिवसाला मराठीत जयंती म्हणतो. इंग्रजीत थोरांसाठी 'बर्थ ॲनिव्हर्सरी' हा शब्द आहे, म्हणून १४ एप्रिलला बाबासाहेबांना 'हॅपी बर्थडे' लिहायचं नाही. घरातल्या माणसासाठी मात्र तो शब्द कोरडा पडतो. तिथे एक फार हळवं वाक्य आहे: 'ही वुड हॅव बीन नाइन्टी टुडे.' आज ते नव्वदीचे झाले असते. एवढं म्हटलं की समोरचा गप्प होऊन ऐकतो.

आणि जिवंत माणूसच दुःखात असेल, वर्षभरात घरात कुणी गेलं असेल किंवा स्वतः दवाखान्यात असेल, तर फुगे आणि उद्गारचिन्हं बाजूला ठेवा. 'थिंकिंग ऑफ यू टुडे' एवढी ओळ पाठवा. वाढदिवस आहे हे त्याला माहीत असतं, तुम्हाला आठवलं हेही त्यातून पोचतं.

एक संदेश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

गेल्या मार्चमध्ये बँकेत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने वर्गात फोन पुढे केला. साहेबांचा वाढदिवस होता आणि तिने आधी मराठीत लिहून ठेवलं होतं: 'आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आई जगदंबा आपणास उदंड आयुष्य, आरोग्य व ऐश्वर्य देवो. आपले मार्गदर्शन असेच लाभत राहो.' साहेब बंगळूरचे, मराठी येत नाही, म्हणून हे इंग्रजीत हवं होतं.

आम्ही एकेक तुकडा घेतला. पहिल्या वाक्याचं 'हॅपी बर्थडे, सर.' झालं. दुसरं काढलं. ती हळहळली, पण काढलं. तिसऱ्यावर थांबलो. मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? ती म्हणाली, जानेवारीत ऑडिट होतं, मी नवीन होते, तीन दिवस रात्री नऊपर्यंत माझ्याबरोबर बसले. मग तेच लिहायचं की! 'थँक यू फॉर सिटिंग थ्रू दॅट ऑडिट विथ मी इन जानेवारी.' शेवटी आजचा दिवस: 'आय होप यू गेट टू गो होम ऑन टाइम टुडे.'

"एवढंच?" ती म्हणाली. तीन ओळी तिच्या डोळ्यांना फार उघड्या वाटत होत्या. तरी पाठवल्या. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'होम ऑन टाइम? इन मार्च?' आणि पुढे हसणारा चेहरा.

"मॅडम, आता काय लिहू?" तिने विचारलं, आणि मागच्या बाकांवरून एकदम पाच-सहा उत्तरं आली.